सात जणांच्या विमानातला आठवा

शेजारच्या बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा हातात ठेवला तेव्हा आत बिस्किटंच असतील असं मला वाटलं. नाताळ नुकताच झाला होता. झाकण उघडलं तर आत फोटो निघाले. एकूण २३, बहुतेक पत्त्यांच्या पानाएवढे, कडा पिवळ्या पडलेल्या.

"आईचं घर रिकामं करताना सापडले," बाई म्हणाल्या. "बाबांचे आहेत. ते लँकेस्टर बॉम्बरवर होते. हा बघ, उजवीकडून पहिला." त्यांनी सगळ्यात वरच्या फोटोवर बोट टेकवलं. मोठ्या काळ्या विमानाच्या अंगाला टेकून माणसं ओळीनं उभी होती. "विमान कुठलं, माणसं कोण, तू शोधशील? तुला या गोष्टींचा नाद आहे."

नाद होता, पण तो चालण्याचा. मी इंग्लंडमधल्या लिंकनमध्ये चौदा वर्षं राहते. या जिल्ह्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चाळीसहून जास्त विमानतळ होते. रविवारी फिरायला गेलं की बटाट्याच्या शेतात मधेच काँक्रीटची धावपट्टी सुरू होते आणि शंभर पावलांवर संपते. अशा तुकड्यांबद्दल मी बाईंना मागे दोन-चार प्रश्न विचारले होते, तेवढ्यावरच हा डबा आला. शिवाय मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या बघते. भिंगाखाली तासन् तास बसायची सवय आहे, असा हिशेब त्यांनी केला असावा.

पहिली चूक मी पहिल्याच संध्याकाळी केली. फोटो जुन्या अल्बममधून ओरबाडून काढलेले होते आणि पाठीला काळ्या कागदाचे लपके चिकटले होते. त्याखाली पेन्सिलीची अक्षरं असणार म्हणून मी एका फोटोची पाठ ओल्या कापसानं पुसली. काळा कागद निघाला, त्याबरोबर अर्धी पेन्सिलही निघाली. "...म्पी, ऑक..." एवढंच उरलं. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच्या घरची, ऐंशी वर्षं टिकलेली ओळ मी दोन मिनिटांत पुसली होती. त्यानंतर पाण्याला हात लावला नाही. टेबलावरचा दिवा आडवा धरून कागदावर तिरपा उजेड पाडला की पेन्सिलीचे दाब दिसतात. हे आधी सुचलं असतं तर.

तेव्हापासून नियम केला : आधी पाठ बघायची, मग तोंड. पाठीवर 'व्हेलॉक्स' हे कोडॅकच्या कागदाचं नाव तिरपं छापलेलं असेल तर तो कोणाच्या तरी स्वतःच्या कॅमेऱ्यातला फोटो. सरकारी शिक्का असेल तर हवाईदलाच्या छायाचित्रकाराचा. आमच्या डब्यात शिक्क्याचे तीनच होते.

पाठीवर नावंही होती, पण कसली! जॉक, टॅफ, डस्टी, चॉकी. मला आनंद झाला, तो दोन दिवस टिकला. स्कॉटलंडचा कोणीही जॉक, वेल्सचा कोणीही टॅफी, मिलर आडनावाचा प्रत्येक जण डस्टी आणि व्हाइट आडनावाचा प्रत्येक जण चॉकी. आपल्याकडे गल्लीत चार बंडू असतात, त्यातलीच गत.

मग वर्गवारी. चार फोटो लगेच वेगळे पडले. दोन इंजिनं, शेपटीला एकच उंच उभा पंख, आणि एका फोटोत विमानाच्या कुशीवरचं कापड फाटलेलं. आत धातूच्या पट्ट्यांची जाळी दिसत होती, अगदी शंकरपाळ्या कापल्यासारखी. हे वेलिंग्टन. अभियंता बार्न्स वॉलिसनं आखलेला हा सांगाडा असा होता की गोळ्यांनी एखादा भाग उडाला तरी बाकीची जाळी भार पेलायची. अकरा हजारांहून जास्त वेलिंग्टन बनली. माणसं त्याला लाडानं विम्पी म्हणायची, पॉपायच्या व्यंगचित्रांमधल्या खादाड विम्पीवरून, कारण त्याचं पूर्ण नाव जे. वेलिंग्टन विम्पी. म्हणजे मी पुसलेली ओळ याच विमानाबद्दल होती. शिक्षा थोडी हलकी झाली.

एका फोटोत फक्त शेपटी होती. चार इंजिनांच्या ब्रिटिश विमानांत दोन उभ्या पंखांची शेपटी लँकेस्टरला आणि हॅलिफॅक्सला. लँकेस्टरचे हे पंख लंबगोल. हॅलिफॅक्सचे सुरुवातीला त्रिकोणी होते, पण ते दगा देत, विमान हाताबाहेर जाई, म्हणून पुढे मोठे चौकोनी केले. आमच्या फोटोत चौकोनी. म्हणजे हॅलिफॅक्स, तेही नंतरचं. विमानांच्या बाकीच्या फोटोंत लँकेस्टर असताना हे पाहुणं इथं काय करत होतं, याचं उत्तर पुढे फार मजेशीर निघालं.

मुख्य फोटोकडे मी मुद्दाम शेवटी आले. विमानाबद्दल शंका नव्हती. लांब नाक, काचेचा घुमट, मर्लिन इंजिनांची निमुळती तोंडं. लँकेस्टर. ७,३७७ बनली, त्यातली उडणारी आता जगात दोन. प्रश्न माणसांचा होता. लँकेस्टरचा चमू सात जणांचा : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला, मधला तोफची आणि शेपटीतला तोफची. फोटोत मी तीन वेळा मोजलं. आठ.

मला उत्तर लगेच मिळालं, आणि इथंच मी फसले. नवा वैमानिक स्वतःचा चमू घेऊन जाण्याआधी एक-दोन रात्री अनुभवी वैमानिकाच्या शेजारी बसून जायचा. त्याला 'सेकंड डिकी' म्हणत. आठवा तोच, असं मी ठरवलं आणि बाईंनाही सांगून टाकलं. बाबा वैमानिक होते म्हणून त्या हुरळल्या. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हे. मी फोटोतल्या आठव्याच्या छातीकडे नीट बघितलंच नव्हतं.

बघितलं तेव्हा घरी चांगला स्कॅनर आणून १२०० डीपीआयवर स्कॅन केलं होतं. वैमानिकाच्या छातीवर दोन पंख असतात. बाकीच्यांना एकच पंख आणि शेजारी गोलात अक्षर : नॅव्हिगेटरला एन, बॉम्ब टाकणाऱ्याला बी, इंजिनिअरला ई, तोफचीला एजी, वायरलेसवाल्याला एस. आमच्या फोटोत दोन पंखांचा माणूस एकच, मधोमध. आणि एस दोन. सात जणांच्या विमानात दोन वायरलेसवाले कशाला?

त्याच स्कॅनमध्ये वरच्या बाजूला, विमानाच्या पाठीवर, दोन उभे ओरखडे होते. निगेटिव्हवर नख लागल्यासारखे. ते साफ करायला म्हणून मी चित्र मोठं केलं. ओरखडा वर-खाली सारख्या जाडीचा नसतो. हे दोन्ही तळाशी जाड, टोकाला बारीक, आणि दोन्ही एकाच कोनात. तळाशी छोटा चौकोनी पाया. प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात की घाण आणि पेशी यांतला फरक कडेवरून कळतो. मी साफ करण्याचं बटण दाबलं नाही, एवढी एकच अक्कल त्या दिवशी दाखवली.

ईस्ट कर्कबीला एक लँकेस्टर आहे, 'जस्ट जेन' नावाचं. ते उडत नाही, पण चारही इंजिनं चालू करून धावपट्टीवर फिरवतात. तिथं एक आजोबा स्वयंसेवक म्हणून काम करतात. त्यांना मी प्रिंट दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो नाकाशी धरला आणि म्हणाले, "बाई गं, हे एकशेएकचं आहे."

१०१ स्क्वाड्रन. ऑक्टोबर १९४३ पासून त्यांच्या लँकेस्टरमध्ये 'एबीसी' नावाचं यंत्र बसवलं होतं, पूर्ण नाव एअरबोर्न सिगार. पाठीवर पुरुषभर उंचीच्या दोन अँटेना, हनुवटीखाली तिसरी. आणि ते चालवायला आठवा माणूस, जर्मन समजणारा. तो पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यांकडे बघत जर्मन लढाऊ वैमानिकांना जमिनीवरून मिळणाऱ्या सूचना हुडकायचा, आवाज जर्मनच आहे याची कानानं खात्री करायचा आणि त्याच लहरींवर कर्कश गोंगाट सोडायचा. अंधारात बसलेला, बाहेर बघायला खिडकी नाही. या माणसांत जर्मनीतून पळून आलेले ज्यूही होते, नावं बदलून घेतलेले, कारण खऱ्या नावानं पकडले गेले तर काय होईल हे सांगायला नको. चमूतल्या बाकीच्यांनाही तो नक्की काय करतो हे फारसं सांगितलेलं नसे. विमानं बॉम्बही न्यायचीच. दुसऱ्या स्क्वाड्रनांच्या रांगेत संरक्षण म्हणूनही यांना विखरून पाठवत, त्यामुळे १०१ जवळजवळ प्रत्येक मोठ्या हल्ल्यात होतं आणि त्यांची हानी सगळ्यात जास्त झालेल्यांत मोडते.

आजोबा नक्की म्हणाले तरी मला दुसरा पुरावा हवा होता. एकदा तोंडावर पडले होते. तो हॅलिफॅक्सच्या फोटोतच होता. शेपटीमागे, धावपट्टीच्या कडेनं, जमिनीलगत एक बारीक रेघ गेली होती. मी तिला कुंपण समजत होते. ती पाइपलाइन होती. दाट धुक्यात विमानं उतरवता यावीत म्हणून काही विमानतळांवर धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पाइपांतून पेट्रोल सोडून पेटवत, उष्णतेनं धुकं वर उचललं जाई. या व्यवस्थेला 'फिडो' म्हणत. लिंकनशायरमध्ये ती चारच ठिकाणी होती : फिस्कर्टन, मेदरिंगम, स्टर्गेट आणि लडफर्ड मॅग्ना. १०१ स्क्वाड्रन जून १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत लडफर्ड मॅग्नाला होतं. धुक्यात दुसरीकडची विमानंही फिडो असेल तिथं वळवत. यॉर्कशायरचं हॅलिफॅक्स लडफर्डच्या चिखलात कसं आलं, ते असं. चिखल माझा नाही हं. तिथली माणसं गावाला 'मडफर्ड मॅग्ना' म्हणायची.

एका रविवारी मी गेले. मार्केट रेझनहून लाउथला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, उंचवट्यावर, वारा कापत येणारा. गावात स्क्वाड्रनचं स्मारक आहे. शेतात धावपट्टीचे तुकडे. एका मेंढपाळाच्या कुत्र्यानं माझा पाठलाग केला, त्यामुळे फार वेळ थांबता आलं नाही.

आता तारीख. स्क्वाड्रनचं सांकेतिक अक्षर, एसआर, विमानाच्या बाजूवर असायला हवं होतं. दिसत नव्हतं. अक्षरं मळकट लाल, पाठीमागचा रंग काळा, आणि साध्या कॅमेऱ्यातली तेव्हाची पुष्कळशी फिल्म लाल रंगाला आंधळी. तिच्यावर लाल काळा होतो. याच कारणानं फोटोतल्या गोल खुणेचं मधलं लाल बुबुळ काळं आणि भोवतीचं निळं त्याहून फिकं दिसतं. या उलट्यापालट्या रंगांवरून पुष्कळ जण विमानं चुकीची ओळखतात. आमच्या नशिबानं एका अक्षराच्या कोपऱ्यावर ऊन पडलं होतं आणि रंगाच्या थराची कड चमकली होती. तेवढ्यावरून विमानाचं स्वतःचं अक्षर कळलं.

दुसऱ्या फोटोत शेपटीतला तोफची त्याच्या घुमटापाशी उभा. लँकेस्टरच्या शेपटीत सहसा चार बारीक मशीनगन असतात. इथं दोन, जाड. हा 'रोझ' घुमट. गेन्सबरोचे रोझ ब्रदर्स, मूळ धंदा चॉकलेटं गुंडाळायची यंत्रं बनवण्याचा, त्यांनी तो बनवला, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा १०१ लाच मिळाला. म्हणजे फोटो त्यानंतरचा. शिवाय ओळीतल्या दोघांचे गणवेश बाकीच्यांपेक्षा ठळक गडद होते. ते ऑस्ट्रेलियन, त्यांचा निळा जास्त गडद असे. वैमानिक त्यातलाच एक.

ऑस्ट्रेलियन वैमानिक, विमानाचं अक्षर, १९४४ च्या उन्हाळ्यानंतर. एवढं हातात घेऊन मी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजच्या 'एअर २७' या मालिकेकडे वळले. तीत प्रत्येक स्क्वाड्रनची रोजनिशी आहे. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा, फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाची ओळ : नंबर, चमू, उड्डाणाची वेळ, परतीची वेळ, दोन वाक्यांत काय घडलं ते. टंकलेखन करणाऱ्याच्या रिबिनीची शाई कुठं संपत आली तेही कळतं. जिथं परतीची वेळ कोरी आहे तिथं डोळा अडतोच. एकेका महिन्याची पानं रात्री जेवणानंतर वाचत गेले. तिसऱ्या आठवड्यात ओळ सापडली. आठ नावं. त्यांत बाईंच्या वडिलांचं नाव नव्हतं.

मी मागे-पुढे दोन-दोन महिने वाचले. नव्हतं. (विमानाचा नंबर आणि वैमानिकाचं नाव मी इथं देत नाही. बाईंची तशी इच्छा आहे, आणि नंबर दिला की बाकी पाच मिनिटांत निघतं.)

मधल्या काळात मी हेंडनच्या हवाईदल संग्रहालयात जाऊन आले. तिथं आर५८६८ हे लँकेस्टर उभं आहे. १३७ मोहिमांचे बॉम्ब नाकावर रंगवलेले, आणि खाली जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग याची बढाई मुद्दाम लिहिलेली, की शत्रूचं एकही विमान राइशच्या हद्दीवरून उडणार नाही. या विमानातून अनेक वेळा नॅव्हिगेटर म्हणून गेलेल्यांत शैलेंद्र एकनाथ सुखटणकर होते, पुढे डीएफसी हे शौर्यपदक मिळालेले. ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बर कमांडच्या हवाई चमूंतल्या सुमारे १,२५,००० पैकी ५५,५७३ मेले, त्या सव्वा लाखांत आपलं आडनाव शोधायला मी गेले नव्हते. पण ते समोर आल्यावर मी विमानाखाली उगाचच बराच वेळ उभी राहिले.

वडिलांच्या नोकरीची कागदपत्रं मागवायला बाईंनी अर्ज केला. काही महिन्यांनी पाकीट आलं. आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरात ते उघडलं. हुद्दा : लीडिंग एअरक्राफ्ट्समन. काम : फिटर टू-ई, म्हणजे इंजिनांचा. आधी वेलिंग्टनच्या प्रशिक्षण तळावर, मग लडफर्ड मॅग्ना.

बाई काही बोलल्या नाहीत. चहा ओतताना हात थोडा थांबला. मग त्यांनी फोटो उचलला. "मग हा कोण?"

उजवीकडून पहिला, दुसरा एस, रोजनिशीतला आठवा. नाव साधं इंग्रजी. ते जन्माचं की घेतलेलं, हे फोटो सांगत नाही. बाई म्हणाल्या, "पण नाक तर बाबांचंच आहे." मी भिंग त्यांच्याकडे सरकवलं आणि दुसरा फोटो पुढे ठेवला, मी महिनाभर ज्याला बिनकामाचा समजत होते तो. त्यात लँकेस्टरचं आतल्या बाजूचं डावं इंजिन उघडं आहे, खाली लाकडी मचाण, आणि मचाणावर पाठमोरा माणूस. कोपरापर्यंत हात इंजिनात. मान फिरवून कोणीतरी हाक मारल्यासारखा बघतोय. बाहीवर दोन पात्यांचा पंखा दिसतो, तो लीडिंग एअरक्राफ्ट्समनचा बिल्ला.

बाईंनी भिंगातून खूप वेळ बघितलं. "टोपी," त्या म्हणाल्या. "टोपी अशीच मागे ढकलायचे. गाडी दुरुस्त करताना." मग म्हणाल्या, "ते कायम 'माझं लँक' म्हणायचे. म्हणून आम्हाला वाटलं, उडवत होते."

ईस्ट कर्कबीच्या आजोबांना हे सांगितलं तर ते हसले. जमिनीवरची सगळीच माणसं तसं म्हणायची, म्हणाले. विमान आमचं, चमूला रात्रीपुरतं उसनं देतो, आणि ओरखडा न उमटवता परत आणा.

लिंकनच्या टेकडीवर आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्रात नावांच्या भिंती आहेत. मधला लोखंडी मनोरा ३१ मीटर उंच, लँकेस्टरच्या पंखांच्या लांबीएवढा. त्यांच्या यादीत मी आठही नावं शोधली. एकही नव्हतं. एखाद्या यादीत नाव नसल्याचा इतका आनंद मला दहावीनंतर पहिल्यांदा झाला (तेव्हा यादी नापासांची होती). विमान मात्र परत आलेलं नाही. ते पुढे दुसऱ्या चमूबरोबर गेलं, त्या ओळीत परतीची वेळ कोरी आहे. इंजिनं त्या दिवशी कोणी तपासली होती हे फॉर्म ५४१ मध्ये लिहीत नसत.

२३ पैकी १९ फोटोंची पाकिटं झाली. फोटोवर काही लिहिलं नाही, आम्लरहित कागदाच्या पाकिटावर मऊ पेन्सिलीनं लिहिलं, फोटो आत घालण्याआधी. चार राहिलेत. त्यातल्या एकात सायकल, कुत्रा आणि हसणारी मुलगी आहे. ती बाईंची आई नाही, एवढं बाईंनी फार पटकन सांगितलं.

हे सगळं मी दर रविवारी आईला फोनवर सांगत होते. ती साताऱ्याला असते. एकदा ती वैतागली. "दुसऱ्याच्या बापाचे फोटो एवढे उचकतेस. आपले अण्णा मराठा पलटणीतून इटलीला गेलेले. त्यांचा एक फोटो देव्हाऱ्याच्या वर टांगलाय, तुला कधी सुचलं का?"

संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला. ट्यूबलाइटची पांढरी पट्टी अण्णांच्या तोंडावरून गेलेली, काचेत आईचा हात आणि मोबाइल. खांद्यावरचा बिल्ला धूसर.

मी लिहिलं, "आई, फ्रेममधून काढ. पण पाणी लावू नकोस. आधी मागची बाजू पाठव."